समुद्रापलीकडचे शेजारी

(महाड आणि पोलादपूर या तालुक्यांतील अनेक माणसे नोकरीसाठी आखाती देशांत गेली आहेत. नव्या देशात गेल्यावर रोजचे साधे जीवनही नव्याने शिकावे लागते. ते कसे शिकावे लागते आणि त्यासाठी घरूनच कोणती तयारी करून जावे, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

आपल्या देशाचे शेजारी कोण, असे विचारले तर तुम्ही लगेच पाकिस्तान, नेपाळ, भूतान, बांगलादेश ही नावे सांगाल. या देशांच्या आणि आपल्या सीमा जमिनीवर एकमेकींना लागून आहेत. पण शेजार फक्त जमिनीवरच असतो असे नाही. नकाशा उघडा आणि आपली सावित्री नदी शोधा. महाबळेश्वरला उगम पावणारी ही नदी पोलादपूर आणि महाड या गावांवरून वाहत जाते आणि बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. बाणकोटपासून नकाशावर पश्चिमेकडे सरळ बोट फिरवत न्या. मध्ये एकही देश लागत नाही. फक्त पाणी लागते. ते संपले की जो किनारा येतो तो ओमान देशाचा. म्हणजे समुद्राच्या बाजूने पाहिले, तर ओमान हा कोकणाचा अगदी समोरचा शेजारी आहे.

अंतराचा विचार केला तर आणखी आश्चर्य वाटेल. मुंबईहून कोलकाता जितके दूर आहे, त्याहून ओमानची राजधानी मस्कत थोडी जवळच आहे. महाड ते मुंबई हे सुमारे पावणेदोनशे किलोमीटरचे अंतर एस.टी.ने कापायला जितका वेळ लागतो, त्याहून कमी वेळात विमान मुंबईहून मस्कतला पोहोचते. तरीही मुंबईला जाणारा माणूस आपल्याच घरच्या दुसऱ्या खोलीत गेल्यासारखा असतो आणि मस्कतला जाणारा माणूस परदेशात गेलेला असतो. या दोन्हींतला फरक किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. कायदा, भाषा, हवा, पैसा, वेळ, रस्ता अशा सगळ्याच गोष्टी तेथे बदलतात.

कोकण आणि अरबस्तान यांचे नाते फार जुने आहे. दहाव्या शतकात अल-मसूदी हा अरब प्रवासी आपल्या किनाऱ्यावर आला होता. त्याने ‘सैमूर’ नावाच्या बंदराचे वर्णन लिहून ठेवले आहे. ते बंदर म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल होय. अरब व्यापारी वाऱ्याच्या बळावर गलबते हाकत येत आणि वारा फिरला की परत जात. पुढे आगबोटी आल्या. कोकणातील कितीतरी माणसे त्या आगबोटींवर खलाशी म्हणून चढली. कराची शहर १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होते. त्यामुळे तेथेही कोकणी माणसे कामधंद्यासाठी राहत होती. १९४७ मध्ये फाळणी झाली आणि कालपर्यंतचे आपले शहर परक्या देशात गेले.

आखाती देशांकडे मोठ्या संख्येने माणसे जाऊ लागली ती मात्र अलीकडच्या काळात. बहरीनमध्ये १९३२ मध्ये आणि कुवेतमध्ये १९३८ मध्ये खनिज तेल सापडले. १९७३ मध्ये तेलाचे भाव सुमारे चौपट झाले. या देशांत पैशाचा ओघ सुरू झाला. रस्ते, बंदरे, इमारती, रुग्णालये, शाळा सारे एकदम बांधायचे होते आणि तेथील लोकसंख्या तर थोडी होती. मग बाहेरून माणसे बोलावण्यात आली. त्या वेळी आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. ते १९८१ मध्ये रायगड झाले. महाड-पोलादपूरची माणसे आधीपासूनच मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत कामाला जात होती. डोंगरउतारावरची थोडी भातशेती आणि वरकस जमीन यांवर सगळ्या घराचे पोट भरत नव्हते. मुंबईची वाट पायाखालची होती. तीच वाट आता समुद्र ओलांडून पुढे गेली. आज आखातातील सहा देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय राहतात. ओमान, संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार, बहरीन आणि कुवेत हे ते सहा देश होत.

आता समजा, पोलादपूर तालुक्यातला एक तरुण नळजोडणीचे काम शिकून मस्कतला गेला. त्याला पहिल्या दिवसापासून काय काय नवीन वाटेल, ते पाहू.

विमानातून उतरताच त्याला घड्याळ दीड तास मागे करावे लागेल. गावी रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा मस्कतला साडेसहा वाजलेले असतात. हाच तरुण कुवेत किंवा कतारला गेला असता, तर घड्याळ अडीच तास मागे करावे लागले असते. ही गोष्ट लहान वाटते. पण रात्री दहा वाजता काम संपवून त्याने घरी फोन केला, तर गावात साडेअकरा वाजून गेलेले असतात आणि आई झोपलेली असते. बोलण्याची वेळ ठरवून घेणे, हा परदेशातला पहिला धडा असतो.

दुसरा धडा रस्त्यावर मिळतो. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात. आखाती देशांत ती उजव्या बाजूने जातात. रस्ता ओलांडताना आपण सवयीने आधी उजवीकडे पाहतो. तेथे गाडी आधी डावीकडून येते. वीस वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. म्हणून नव्या माणसाने दोन्ही बाजूंना दोनदा पाहूनच पाऊल उचलावे, असे जुने जाणते सांगतात. मोटार चालवणाऱ्याला तर तेथे परीक्षा देऊन नवा परवाना काढावा लागतो.

तिसरा धडा हवेचा. महाड-पोलादपूरला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सावित्री आणि गांधारी या नद्यांना पूर आला की महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरते. मस्कत किंवा कुवेतला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. कुवेतमध्ये तर बारमाही वाहणारी एकही नदी नाही. प्यायचे पाणी बहुतेक समुद्राच्या पाण्यातील क्षार काढून तयार केलेले असते. पुराच्या पाण्याला भिणाऱ्या मुलखातून गेलेला माणूस तेथे पाण्याचा थेंब थेंब जपायला शिकतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्याही वर जातो. म्हणून उन्हाळ्याच्या महिन्यांत दुपारच्या वेळी उघड्यावर काम करून घेण्यास या देशांत कायद्याने बंदी आहे. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन काम बंद ठेवावे लागते. कामगाराला हा नियम माहीत असला पाहिजे. तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी पीत राहिले पाहिजे.

मात्र ओमानच्या दक्षिणेला सलाला नावाचे एक शहर आहे. आपल्याकडे पाऊस आणणारे नैऋत्य मोसमी वारे जून ते सप्टेंबर या महिन्यांत त्याही किनाऱ्याला स्पर्श करून जातात. तेथे धुके पडते, भुरभुर पाऊस येतो आणि डोंगर हिरवे होतात. नारळ आणि केळी तर तेथे पिकतातच. कोकणच्या माणसाला तेथे गेल्यावर घरी आल्यासारखे वाटते. या मोसमाला तेथील लोक ‘खरीफ’ म्हणतात. आपण पावसाळी पिकाला ‘खरीप’ म्हणतो. शब्द एकच आहे. अरबीत त्याचा मूळ अर्थ शरद ऋतू असा आहे.

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर भाषेचे पाहू. तुम्ही उर्दू माध्यमात शिकता. त्यामुळे अरबी लिपी तुम्हांला परकी नाही. दुकानावरची पाटी तुम्ही अक्षरे जोडून वाचू शकाल. परंतु वाचता येणे वेगळे आणि समजणे वेगळे. अरबीत पे, चे, टे, डाल आणि गाफ ही अक्षरे नाहीत. त्यामुळे तेथील कारकून ‘पोलादपूर’चा उच्चार ‘बोलादबूर’ असा करील. ऐकून हसू येईल, पण कागदावर गावाचे आणि माणसाचे नाव प्रत्येक ठिकाणी सारखेच लिहिले आहे ना, हे मात्र नीट पाहावे लागते. पासपोर्टवर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे असे नाव असेल, तर पुढे फार त्रास होतो. आकड्यांचेही तसेच आहे. उर्दूतले आणि अरबीतले चार, पाच, सहा हे आकडे थोडे वेगळे दिसतात. बसचा क्रमांक आणि वस्तूची किंमत वाचताना नवा माणूस तेथे अडखळतो.

काही शब्द तर आपल्याला चांगलेच फसवतात. उर्दूत आणि मराठीत ‘गरीब’ म्हणजे निर्धन. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, अनोळखी माणूस. आपल्याकडे ‘मकतब’ म्हणजे मुलांची शाळा, तेथे ‘मकतब’ म्हणजे कार्यालय. उर्दूत ‘तकरीर’ म्हणजे भाषण, अरबीत ‘तकरीर’ म्हणजे अहवाल. ‘तकरार’ हा शब्द तर तीन भाषांत तीन वेषांत भेटतो. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणे, उर्दूत तकरार म्हणजे भांडण आणि अरबीत तकरार म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे. शब्द ओळखीचा दिसला म्हणजे अर्थही ओळखीचा असेल, असे समजू नये. माणसांच्या बाबतीतही हे खरे आहे.

दुसरीकडे, आपले काही शब्द आपल्या आधीच तेथे जाऊन राहिले आहेत. आखातातील बोलीत बटाट्याला ‘आलू’ म्हणतात. पंख्याला ‘बनका’ म्हणतात. सरळ जा असे सांगताना ‘सीदा’ म्हणतात आणि पैशांना ‘बेजात’ म्हणतात. ‘बेजात’ हा आपल्या ‘पैसा’ शब्दाचाच अवतार आहे. ओमानच्या रियालचे एक हजार भाग असतात आणि त्या प्रत्येक भागाला ‘बैसा’ म्हणतात. याला कारण आहे. एके काळी आखातातील बऱ्याच भागांत भारताचाच रुपया चालत होता. १९५९ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या. पुढे कुवेतने १९६१ मध्ये आपला दिनार सुरू केला आणि हळूहळू इतर देशांनीही आपापली नाणी पाडली. रुपया परत आला, पण ‘पैसा’ मात्र तेथेच राहिला.

जेवणाचेही नवेपण असते. तांदळाची भाकरी, माशाचे कालवण आणि कोकमाचे सार यांवर वाढलेल्या मुलाला सुरुवातीला खुबुस नावाची मैद्याची रोटी नकोशी वाटते. पण बाजारात गेल्यावर त्याला आपली सुरमई ‘कनअद’ या नावाने भेटते, पापलेट ‘जुबैदी’ या नावाने आणि कोळंबी ‘रुबियान’ या नावाने. तेथेही समुद्र तोच आहे. गावी ज्याने कधी चूल पेटवली नाही, तो तेथे वरण-भात शिजवायला शिकतो. एका खोलीत चार, सहा, कधी आठ माणसे राहतात. पलंगावर पलंग असतात. आज भांडी कोणी घासायची, भाजी कोणी आणायची, दिवा कधी मालवायचा, हे सारे ठरवून घ्यावे लागते. ज्याला घरी स्वतःचे ताट उचलायची सवय आहे, त्याला ही खोली लवकर मानवते.

या खोलीत केरळचा, बिहारचा, नेपाळचा, बांगलादेशाचा किंवा पाकिस्तानचा माणूस भेटतो. जे शेजारी देश आपण फक्त नकाशावर पाहतो, त्यांची माणसे तेथे एका चुलीवर स्वयंपाक करतात. हिंदी-उर्दू हीच त्यांची सर्वांची समान बोली बनते. मशिदीत वेगवेगळ्या पद्धतीने नमाज पढणारे लोक एकाच रांगेत उभे राहतात. कोकणातील मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे आहेत, तर ओमानमध्ये इबादी पंथाचे लोक पुष्कळ आहेत. कोणी हात बांधतो, कोणी सोडतो. नवा माणूस सुरुवातीला चकित होतो. मग त्याच्या लक्षात येते, की आपल्या गावची रीत हीच जगाची रीत नव्हे. हिंदू सोबती असेल तर रमजानच्या दिवसांत तो इतरांसमोर खात नाही आणि दिवाळीला त्याच्या डब्यातली करंजी सारी खोली खाते. एकमेकांची रीत जपली, की परका मुलूख अर्धा आपला होतो.

आतापर्यंत सांगितलेल्या अडचणी काही महिन्यांत सवयीच्या होतात. याहून मोठी अडचण कागदांची आहे. ती समजून न घेतल्यामुळे कितीतरी घरे कर्जात बुडाली आहेत. म्हणून हा भाग लक्षपूर्वक वाचा.

आखाती देशांत परदेशी कामगाराचे राहणे त्याच्या नोकरीशी बांधलेले असते. ज्या मालकाने बोलावले, त्याच्याच नावावर राहण्याचा परवाना मिळतो. या पद्धतीला ‘कफाला’ म्हणतात आणि मालकाला ‘कफील’ म्हणतात. कफील म्हणजे जामीन राहणारा. पूर्वी मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलणे फार अवघड होते. काही देशांत तर देश सोडण्यासाठीही परवानगी लागे. अलीकडे या नियमांत काही सुधारणा झाल्या आहेत. कतारने २०२० मध्ये मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली. तरीही नोकरी सुटली की त्या देशात राहण्याची मुदत संपत येते, ही मूळ गोष्ट बदललेली नाही. कितीही वर्षे काम केले, तरी साध्या कामगाराला तेथील नागरिकत्व मिळत नाही. म्हणून आखातात गेलेला माणूस ‘स्थायिक झालो’ असे सहसा म्हणत नाही. तो ‘कामावर आहे’ असे म्हणतो.

यासाठी जाण्यापूर्वीच काही गोष्टी पक्क्या कराव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे कामगारांना परदेशी पाठवणारा दलाल सरकारकडे नोंदलेला असला पाहिजे. भारतात यासाठी १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. नोंदणीकृत दलालाला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील कर यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. कोणी लाख-दोन लाख मागत असेल, तर तेथेच सावध व्हावे. दुसरी गोष्ट म्हणजे काम करायला जाणाऱ्याने कामाचाच व्हिसा घेतला पाहिजे. ‘आधी पाहुणा म्हणून जा, मग बघू,’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पाहुण्याच्या व्हिसावर काम करणे हा तेथे गुन्हा आहे. तिसरी गोष्ट कराराची. पगार किती, कामाचे तास किती, राहण्याची आणि औषधपाण्याची सोय कोणाची, परतीचे तिकीट कोण देणार, हे लेखी असले पाहिजे. न वाचता सही करू नये. चौथी गोष्ट म्हणजे पासपोर्ट, व्हिसा आणि करार यांच्या नकला घरी ठेवाव्यात. मालकाने पगार दिला नाही किंवा पासपोर्ट अडकवून ठेवला, तर भारतीय दूतावासाकडे दाद मागता येते. त्या वेळी या नकला उपयोगी पडतात.

येथे तुमच्या शाळेचा संबंध येतो. जे दहावी उत्तीर्ण नाहीत, त्यांना आखाती देशांसह काही ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. तशी नोंद त्यांच्या पासपोर्टवर असते. फसवणूक होऊ नये म्हणूनच हा नियम आहे. दहावी उत्तीर्ण झालेल्याला ही मंजुरी लागत नाही. दहावीचे प्रमाणपत्र हे असे समुद्रापलीकडेही उपयोगी पडते. त्याबरोबर वीजजोडणी, नळजोडणी, वातानुकूलन, परिचर्या किंवा हिशेबनीस यांसारखे एखादे काम शिकून घेतले, तर पगारात मोठा फरक पडतो. नुसते अंगबळ घेऊन जाणाऱ्याला उन्हात उभे राहावे लागते. हातात कसब असणाऱ्याला चार ठिकाणी विचारले जाते.

मराठीचाही येथे उपयोग आहे. तुमच्यापैकी अनेक जण घरी कोकणी बोली बोलतात, शाळेत उर्दू शिकतात. पण जन्माचा दाखला, तहसील कार्यालयातील अर्ज, सातबाराचा उतारा, घरपट्टीची पावती हे सारे मराठीत असते. माणूस परदेशात असताना त्याच्या जमिनीचे आणि घराचे काम मागे राहिलेल्यांना करावे लागते. त्यासाठी मुखत्यारपत्र द्यावे लागते. त्यातली प्रत्येक ओळ वाचता आली पाहिजे. गंमत अशी, की अर्ज, तहसील, तारीख, वकील, मुखत्यार, हिशेब हे मराठी कचेरीतले शब्द मूळ अरबीतूनच आलेले आहेत. उर्दू जाणणाऱ्याला मराठी कागद म्हणूनच फार परका वाटायला नको.

एक माणूस परदेशात जातो, तेव्हा जुळवून फक्त त्यालाच घ्यावे लागत नाही. घरालाही घ्यावे लागते. शेतावर मजूर लावणे, बँकेत जाणे, मुलांच्या शाळेत पालक म्हणून सही करणे, घराच्या बांधकामावर देखरेख करणे ही कामे घरातल्या बायका करू लागतात. कितीतरी आया आणि बहिणी याच कामांमुळे बँकेचा व्यवहार शिकल्या. पूर्वी पत्र यायला दोन-तीन आठवडे लागत. पत्र वाचता न येणाऱ्या आईसाठी कोणी कॅसेटवर आपला आवाज भरून गावी जाणाऱ्या माणसाच्या हाती पाठवी. पुढे महाडच्या बाजारात दूरध्वनीची केंद्रे आली. तेथे मिनिटाचे पैसे मोजत लोक बोलत. आता हातातल्या फोनवर चेहरा दिसतो. तरी मुलाला पोहायला शिकवणे, त्याच्या तापात कपाळावर हात ठेवणे, या गोष्टी फोनवरून करता येत नाहीत. वडील दोन वर्षांनी सुट्टीवर येतात आणि लहान मूल त्यांना पाहून आईच्या मागे लपते. पैशाबरोबर ही किंमतही हिशेबात धरली पाहिजे.

संकटाच्या वेळी हे अंतर फार जाणवते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. एका दिवसात तेथील भारतीयांची नोकरी, बँकेतले पैसे आणि राहती घरे धोक्यात आली. त्या वेळी भारत सरकारने विमानांच्या शेकडो फेऱ्या करून एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. त्यांत कोकणातली माणसेही होती. कितीतरी जण अंगावरच्या कपड्यांनिशी परतले. याच्या उलट प्रसंग २२ जुलै २०२१ रोजी आला. त्या दिवशी महाडमध्ये महापूर आला आणि तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. वीज गेली, फोन लागेनासे झाले. दूर देशी असलेली माणसे रात्रभर घरचा फोन लावत बसली होती. संपर्क होताच त्यांतल्या अनेकांनी गावासाठी मदत पाठवली. गावापासून दूर गेलेला माणूस गावातून उठून गेलेला नसतो, हे अशा वेळी कळते.

शेवटी आणखी एक जुळवून घेणे उरते, ते म्हणजे परत येणे. वीस-पंचवीस वर्षांनी माणूस गावी येतो, तेव्हा गावही बदललेले असते. बरोबरीचे मित्र मुंबईला गेलेले असतात. मुले मोठी झालेली असतात आणि घरचे निर्णय त्याच्यावाचून घ्यायची घराला सवय झालेली असते. हाती आलेला सारा पैसा मोठ्या घरात आणि लग्नाच्या थाटात घातला असेल, तर पुढे रोजचा खर्च भागत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथे आठवावी. ज्यांनी पहिल्या वर्षापासून थोडी थोडी शिल्लक टाकली, मुलांच्या शिक्षणावर खर्च केला, एखादे दुकान किंवा बाग उभी केली, त्यांचे परतणे सुखाचे झाले.

तुमच्यापैकी काही जण उद्या समुद्र ओलांडतील, काही मुंबई-पुण्याला जातील, काही येथेच शेती, व्यापार किंवा महाडच्या कारखान्यांत नोकरी करतील. जाणे हा कमीपणा नाही आणि राहणे हाही कमीपणा नाही. परंतु जायचे असेल तर डोळे उघडे ठेवून जावे. तेथील कायदा पाळावा, तेथील माणसांची रीत समजून घ्यावी आणि आपला हक्क कोणता हेही जाणून असावे. आणि परक्या मुलखात आपल्याला कोणी सांभाळून घ्यावे असे वाटत असेल, तर आज आपल्या गावात कामासाठी आलेल्या परप्रांतीय मजुराकडे आपण कसे पाहतो, याचाही विचार करावा. अरबी अर्थाने तो येथे ‘गरीब’ आहे. उद्या तेथे तुम्ही असाल.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बाणकोटपासून सरळ पश्चिमेकडे गेल्यास कोणत्या देशाचा किनारा लागतो?
(आ) ‘बैसा’ हे नाणे कोणत्या देशात चालते?
(इ) ‘कफील’ कोणाला म्हणतात?

प्र. २. ‘गरीब’, ‘मकतब’ आणि ‘तकरीर’ या शब्दांचे उर्दूतील व अरबीतील अर्थ सांगा.

प्र. ३. परदेशी नोकरीला जाण्यापूर्वी कोणत्या चार गोष्टी पक्क्या कराव्यात, ते तुमच्या शब्दांत लिहा.

प्र. ४. घरातील एखादी व्यक्ती दूर नोकरीला गेल्यावर घरातील इतरांना कोणकोणत्या गोष्टी शिकाव्या लागतात?

उपक्रम : तुमच्या गावातून आखाती देशांत जाऊन आलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला भेटा. तेथील पहिला महिना कसा गेला, हे त्यांना विचारा आणि दहा ओळींत मराठीत लिहा.